मेणबत्तीतला खळगा

नाशिकरोडच्या बाळ येशूची यात्रा फेब्रुवारीत भरते. तिथे वाहायच्या मेणबत्त्या घरी करायच्या, तर साचे ऐन थंडीत भरावे लागतात. नेमकी हीच थंडी जाड मेणबत्तीच्या मुळावर येते.

पॅराफिन मेण गोठताना आकसतं, साधारण दहा-पंधरा टक्के. साच्याला लागलेलं मेण आधी घट्ट होतं आणि मधलं पातळ मेण आकसत खाली बसतं. मग वातीभोवती खळगा पडतो. त्याहून वाईट म्हणजे वरून सपाट दिसणारी, पण आतून पोकळ राहिलेली मेणबत्ती. ती पेटवल्यावरच कळते.

म्हणून सगळं मेण एकदम ओतू नका, थोडं राखून ठेवा. साचा आधी कोमट करा. मेणावर साय धरली की विणायच्या सुईनं वातीच्या आजूबाजूला चार-पाच खोल भोकं पाडा. साय पुन्हा धरेल, तशी ती पुन्हा मोकळी करा. खळगा बसला की राखलेलं मेण पहिल्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त तापवून भरा. मात्र पहिल्या भरणीच्या रेषेच्या किंचित खालीच थांबा. मेण वर गेलं तर ते साच्याच्या कडेनं उतरतं आणि मेणबत्ती निघता निघत नाही. मोठ्या साच्याला तिसरी भरणीही लागते.

साचा फ्रिजमध्ये किंवा पंख्याखाली ठेवू नका. टॉवेल गुंडाळून रात्रभर सावकाश निवू द्या. आणि मेण नेहमी गरम पाण्यात भांडं ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीही नको.