मैदानातली सभा आणि हातातली चित्रफीत



मत कोणाला द्यावे हे सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. मत मागण्याची रीत गेल्या काही वर्षांत पालटली आहे, तिच्याविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यातील एका जुन्या खटल्यापासून करणे बरे.

1991 साली तेव्हाच्या अहमदनगर लोकसभा मतदारसंघातून काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले. समोर होते बाळासाहेब विखे पाटील. प्रचारसभांत प्रतिस्पर्ध्याच्या वर्तनाविषयी जी विधाने झाली, त्यांवरून निवडणूक याचिका दाखल झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 123 व्या कलमान्वये उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध करणे हा भ्रष्टाचार ठरतो. 1993 साली उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. विखे यांना विजयी ठरविण्याचा भाग सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, परंतु निवडणूक रद्दच राहिली आणि 1994 साली पोटनिवडणूक झाली.

या खटल्याचा राजकीय काथ्याकूट पुष्कळ झाला आहे. त्यात आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे आहे. ही विधाने उघड सभेत झाली होती. ज्याच्याविरुद्ध बोलले गेले त्याचे लोकही ती ऐकू शकत होते. म्हणूनच शब्दाचा जाब विचारता आला.

आता दुसरी रीत पाहा. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळासाठी पक्षाचा उमेदवारसुद्धा मतदारच निवडतात. त्या प्राथमिक निवडणुकीला थोडेच लोक येतात, आणि कोण येतो याच्या याद्या उमेदवाराला मिळतात. तेव्हा साऱ्या शहराला दिसणारी दूरदर्शनवरची महागडी जाहिरात द्यायची कशाला? नेमक्या त्या माणसांच्याच पडद्यावर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत धाडली की काम झाले. आपल्याकडे तिकीट मुंबईत नाही तर दिल्लीत ठरते, त्यामुळे ही युक्ती तिकिटासाठी फारशी कामाची नाही. ती आली ती थेट सार्वत्रिक निवडणुकीत. तिचा मोह का पडतो हेही उघड आहे. 2024 साली कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार आणि राम शिंदे यांच्यातील अंतर होते अवघे 1,243 मतांचे. एवढी मते दोनचार गावांतच सापडतात!

यंत्रणा समजायला कठीण नाही. गूगलवर निवडणुकीची जाहिरात वय, स्त्री-पुरुष आणि पिनकोड एवढ्यावर वाटता येते. फेसबुकवर तर आपल्याजवळची फोन नंबरांची यादी चढवून त्याच माणसांना गाठता येते. राहुरीच्या तरुणाला एक चित्रफीत, घोडेगावच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला दुसरी, बचतगटातल्या भगिनीला तिसरी.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. कांदेवाल्याशी कांद्याचेच बोलावे, हे व्यवहाराला धरूनच आहे, आणि आम्ही त्याला दोष देत नाही. निळवंड्याचे उदाहरण घ्या. धरण अकोले तालुक्यात. कालवे खाली संगमनेर, राहात्याकडे जातात. हे सारे तालुके शिर्डी या एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. समजा, एखाद्या उमेदवाराने अकोल्याच्या पिनकोडवर सांगितले, ‘वरच्यांचा हक्क आधी’. आणि राहात्याच्या पिनकोडवर, ‘पाणी आधी टेलपर्यंत’. संगमनेरच्या सभेत असे बोलण्याची छाती त्याला झाली नसती, कारण दोन्हीकडचे शेतकरी एकाच सतरंजीवर बसलेले असते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी उठून विचारले असते, ‘काल तिकडे काय बोललात?’ हातातल्या पडद्याला मागची रांग नसते.

कायदा अगदीच झोपलेला आहे असे मात्र नाही. पत्रक किंवा भित्तिपत्रक छापले तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते द्यावे लागतात. निवडणूक आयोगाने 2013 साली समाजमाध्यमांवरील जाहिरातींनाही पूर्वप्रमाणन लागू केले; त्यासाठी जिल्ह्यात समिती असते, आणि उमेदवाराचा असा खर्च हिशेबात धरावा लागतो. विधानसभेला ही मर्यादा 2022 साली 40 लाख रुपये झाली. पण पक्षाच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. आणि उमेदवाराचे नाव न घेता त्याचा जयजयकार करणाऱ्या एखाद्या ‘हितचिंतक’ पानाचा खर्च कोणाच्या खाती लिहावयाचा? तेथेच गाडे अडते. तशात एकदा चित्रफीत व्हॉट्सॲपच्या गटांत शिरली की ती जाहिरात राहतच नाही. तिला ना मुद्रक, ना प्रकाशक.

एक दार मात्र उघडे आहे, आणि ते फारच थोड्यांनी ढकलून पाहिले आहे. फेसबुकच्या कंपनीने राजकीय जाहिरातींचे एक सार्वजनिक ग्रंथालय ठेवले आहे. जाहिरात कोणी दिली, साधारण किती रुपयांची, किती वेळा दिसली, हे तेथे कोणालाही फुकट पाहता येते, आणि ती सात वर्षे जपली जाते. गूगलनेही तशी सोय केली आहे. आमची वाचनालये निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या फायली लावतात. त्याच टेबलावर एखाद्या तरुणाने आपल्या बारा विधानसभा मतदारसंघांतील उमेदवारांची नावे घालून रोज ही यादी उतरवून ठेवली, तर कोण कोठे काय सांगतो आहे ते शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल. निवडणूक याचिकेला मुदत असते 45 दिवसांची. यादी त्याआधी तयार हवी.