कडेवरच्या मुलांची सहल



आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय घेतला आहे तो कित्येकांना क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्याला अजून धड चालतां येत नाहीं, ज्याची जीभ अजून बोबडी आहे, अशा दोन-अडीच वर्षांच्या मुलाला मोठमोठ्या मनोरंजननगरांत, ज्यांना हल्लीं सर्वत्र थीम पार्क म्हणतात तेथें, घेऊन जाण्यांत कांहीं अर्थ आहे काय, हा तो विषय. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं आमच्या अमरावती-अकोल्याकडील घराघरांतून याची चर्चा सुरू होते. आणि मीं मास्तरकींत आयुष्य घालविलें असल्यामुळें आईबाप ती माझ्या ओसरीवर घेऊन येतात. पेन्शन घेतलेल्या मास्तराचें मत फुकट मिळतें, हेंही एक कारण असावें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य आहें. मानसशास्त्राचा अधिकार मी सांगत नाहीं. परंतु मुलें पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि थोडें वाचलेंही आहे.

हीं नगरें आपल्याकडे फार जुनीं नाहींत. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यानें कॅलिफोर्नियांतील ॲनाहाइम येथें १९५५ सालीं डिस्नेलँड उघडलें. आपल्या मुंबईजवळ गोराई येथें १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें. तें २०२२ सालीं बंद झालें. मध्यंतरीं २०१३ सालीं रायगड जिल्ह्यांत खोपोलीनजीक इमॅजिका उभें राहिलें, आणि आज वऱ्हाडांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत बहुधा त्याचेंच नांव ऐकूं येतें. डिस्नेची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कांत त्याच्या दोन लहान मुली गोल फिरणाऱ्या लांकडी घोड्यांवर बसत, आणि तो स्वतः बाजूच्या बाकावर बसून राही. आईबापांना व मुलांना एकत्र मौज करतां येईल असें एखादें स्थळ असावें, ही कल्पना आपणांस त्या बाकावर सुचली, असें तो सांगत असे. या बाकाकडे मला पुढें पुन्हां यावयाचें आहे.

गेल्या हिवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यांत तो हिशेब लिहितो, पगार बेताचा. वर्षभर थोडथोडे करून त्यानें पैसे सांठविले आणि बायको, आठ वर्षांचा मुलगा व अडीच वर्षांची मुलगी यांना घेऊन मुंबईकडील अशाच एका ठिकाणीं तो जाऊन आला. रात्रभर आगगाडीचा प्रवास, पहांटे कल्याणला उतरणें, पुढें मोटार. अशा ठिकाणीं वयापेक्षां उंचीवर हिशेब चालतो. कोणत्या पाळण्यांत कोणी बसावें हें भिंतीवरील पट्टी ठरविते. मुलगी पट्टीपेक्षां पुष्कळच बुटकी ठरली. मोठ्या पाळण्यांत तिला घेईनात, आणि तें योग्यच होतें. जो एक लहान पाळणा तिच्याजोगा होता त्यांत बसवितांच तिनें भोंकाड पसरलें. रंगीत मुखवटा घातलेले एक गृहस्थ तिच्याशीं हात मिळवावयास पुढें आले, तेव्हां तिनें आईच्या पदरांत तोंड लपविलें. ऐन दुपारीं ती दोन तास मांडीवर झोपली. घरीं आल्यावर आजीनें विचारलें, "काय पाह्यलं वं माय तिथं?" मुलगी म्हणाली, "माऊ." कल्याणच्या फलाटावर एक मांजर होतें, तें तिला आवडलें होतें.

"गुर्जी, पैसे पान्यात गेले म्हना ना!" असें तो हंसत म्हणाला खरा, पण त्या हंसण्यांत खंत होती. शेजाऱ्याच्या मुलाला नेलें, आपल्या मुलाला नेलें नाहीं तर तें मागें पडेल, अशी एक समजूत आजच्या तरुण बापाच्या मनांत घर करून बसली आहे. ज्याला नेतां येत नाहीं तो स्वतःला करंटा समजतो, आणि ज्यानें नेलें तो घरीं येऊन पैसे मोजीत बसतो. कपाशीला भाव नसलेल्या वर्षीं तर पहिल्याची अवस्था फारच वाईट होते. या दोघांशीं मला आज मुख्यतः बोलावयाचें आहे.

प्रथम स्मरणाविषयीं. पुष्कळ शहाणे लोक म्हणतात, एवढ्याशा मुलाला कांहींच आठवणार नाहीं, मग खर्च कशाला? यांतील पहिला भाग खरा आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या वयापूर्वींचें आपल्यापैकीं बहुतेकांना कांहीं आठवत नाहीं. सिग्मंड फ्रॉइडनें १९०५ सालींच या विस्मृतीची चर्चा केली होती. अलीकडे, २०१४ सालीं, अमेरिकेंतील एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बाऊर आणि मरीना लार्किना या दोन संशोधक बाईंनीं प्रसिद्ध केलेला प्रयोग तर मोठा मौजेचा आहे. तीन वर्षांचीं मुलें नुकत्याच घडलेल्या गोष्टींविषयीं आईशीं बोलत असतां त्यांचें संभाषण त्यांनीं टिपून ठेविलें, आणि पुढें तीं मुलें निरनिराळ्या वयाचीं झाल्यावर त्याच गोष्टी त्यांना विचारल्या. पांच ते सात वर्षांच्या मुलांना शेंकडा ६० किंवा त्याहून अधिक गोष्टी आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मात्र शेंकडा ४० हूनही कमी! म्हणजे आठवण मुळींच सांठत नाहीं असें नव्हे; मूल मोठें होतां होतां ती गळून जाते.

पण यावरून 'म्हणून नेऊं नये' असा निष्कर्ष काढणारांशीं माझें जुळत नाहीं. आठवत नाहीं म्हणून निरुपयोगी, हा न्याय लावावयाचा तर अंगाई तरी कशाला गावी? बाळाला न्हाऊं घालतांना आजी जें बोलते त्यांतील एक अक्षरही पुढें कोणाला आठवत नाहीं. तरी मूल बोलावयास शिकतें तें अशाच बोलण्यांतून. माझी हरकत निराळी आहे. जें दाखविण्यासाठीं आपण अडीच वर्षांच्या मुलाला तेथवर नेतों, तें त्याला मुळीं दिसतच नाहीं.

मारिया मॉन्टेसरी या विदुषीनें आपल्या एका ग्रंथांत एक प्रसंग दिला आहे. नेपल्सजवळच्या रोमन काळांतील एका भुयारांतून कांहीं मंडळी सहलीस चालली होती. एका बाईबरोबर सुमारें दीड वर्षाचें मूल होतें. तें दमलें म्हणून तिनें उचलून घेतलें. मग तिला उकडूं लागलें, तेव्हां अंगांतील कोट काढून तिनें हातावर टाकला. मूल रडूं लागलें आणि कांहीं केल्या राहीना. सर्वांनीं आळीपाळीनें प्रयत्न केले. शेवटीं मॉन्टेसरीबाईंनीं तिला कोट पुन्हां अंगांत घालावयास सांगितलें, आणि मूल शांत झालें. आईचा कोट अंगांत असावयाचा, हातावर नव्हे. तेवढ्यानें त्या लेंकराच्या जगाची घडी विसकटली होती. भोंवतीं प्राचीन भुयार होतें, आणि मुलाला दिसत होता तो कोट. आमच्या मुलीला मांजर दिसलें, तें असेंच.

याच बाईंचें दुसरें एक निरीक्षण मला फार पटतें. दीड-दोन वर्षांचें मूल चांगलें लांबवर चालूं शकतें, पण तें आपल्या चालीनें. त्याला कोठें पोंचावयाचें नसतें. तें मुंगी पाहण्यास थांबेल, खडा उचलील, मागें फिरेल. मनोरंजननगराची मांडणी नेमकी याच्या उलट असते. एका पाळण्याकडून दुसऱ्याकडे धांवावयाचें, मध्यें रांगेंत तिष्ठावयाचें, कारण सायंकाळपर्यंत तिकिटाचे पैसे वसूल व्हावयाचे असतात. तिकिटाचा ताप बापाला चढतो आणि ओढ मुलाच्या हाताला बसते.

मॉन्टेसरीची पद्धत मराठी मुलांपर्यंत पोंचविणाऱ्या ताराबाई मोडक विवाहानंतर कांहीं वर्षें आमच्या अमरावतीस राहत होत्या, हें आज अमरावतीकरांपैकींही थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढें भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर, आणि १९४५ पासून बोर्डीस व नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह त्यांनीं काम केलें. विलायती महागड्या साधनांच्या जागीं त्यांनीं खेड्यांतील मुलांच्या हातीं शंख-शिंपले, बिया, खडे, पानें दिलीं, आणि मुलांचें कांहीं अडलें नाहीं. ज्या बापाला खोपोली परवडत नाहीं त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचें कांहींच हुकलेलें नाहीं. मूल सात-आठ वर्षांचें होऊं द्यावें; रांगेंत उभें राहण्याइतका धीर आणि पट्टी ओलांडण्याइतकी उंची त्याला येऊं द्यावी; मग सोय असेल तर खुशाल न्यावें. त्या वयाचें मूल त्या सहलीवर वर्षभर बोलतें.

आतां त्या बाकाकडे येतों. डिस्नेच्या गोष्टींत बाकावर बाप बसला होता. आमच्याकडे कोण बसतें? माझ्या विद्यार्थ्याला मीं एवढेंच विचारलें. तो आणि मुलगा पाळण्यांत बसले. मुलगी झोपली तेव्हां तिला घेऊन बायको बसली. रडली तेव्हां बायकोनें उगी केलें. दूध, कपडे, औषध यांची पिशवी दिवसभर तिच्याच खांद्यावर. आदल्या रात्रीं गाडींत जागरण झालें तेंही तिचेंच. मग त्या नगरांत तिनें काय पाहिलें? तो गप्प झाला. थोड्या वेळानें म्हणाला, "तिनं काईच नाई पाह्यलं, गुर्जी." पैसे पाण्यांत गेले असतील तर ते येथें गेले, मुलीपायीं गेले नाहींत.

म्हणून ज्या घरीं थोरलें व धाकटें अशीं दोन मुलें आहेत, आणि धाकट्याला सांभाळावयास घरीं आजी-आजोबा नाहींत, त्यांनीं सर्वांनींच जावें. पण बाकावर बसण्याची पाळी लावावी. घड्याळ पाहून लावावी. तासभर आई, तासभर बाप. यांत पुरुषांच्या प्रतिष्ठेला कांहीं बाध येत नाहीं. उलट झोपलेल्या मुलाला मांडीवर घेऊन सावलींत बसण्यासारखें सुख थोडेंच आहे, हें माझ्या वयाच्या माणसाला विचारावें.

उन्हाळ्याविषयीं मात्र माझें मत कडक आहे. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, हें येथें कोणाला सांगावयास नको. लहान मुलाच्या अंगांतील पाणी मोठ्या माणसापेक्षां लौकर आटतें, आणि तहान लागली हें त्याला सांगतां येत नाहीं. अशा दिवसांत कडेवरच्या मुलाला घेऊन, देवदर्शन असो कीं करमणूक, भर दुपारीं बाहेर पडणें हा शुद्ध अविचार आहे. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपाशीं मुलाला उभें करणें हा दुसरा.

मग कोठें न्यावें? अमरावतीकरांना वडाळीचा तलाव आहे, छत्री तलाव आहे. सकाळीं ऊन कोंवळें असतांना जावें, काठाशीं हात घट्ट धरावा, आणि पाण्यांत खडे टाकूं द्यावेत. तास निघून जातो. पूर्वीं आमच्याकडे मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची 'शकुंतला' धांवत असे. धांवत असे म्हणणें हा तिचा गौरव झाला! ७६ किलोमीटरला ती सुमारें चार तास घेई. १९९४ सालापर्यंत तर तिला वाफेचें इंजिन होतें. खिडकींत बसलेल्या मुलाला म्हैस, बाभूळ, कपाशीचें शेत हें सारें पुरतें पाहून होई, कारण गाडीची चाल आणि मुलाची चाल एकच होती. ती गाडी आज बंद आहे, आणि तिच्याइतकें स्वस्त व मुलांच्या मनाजोगें वाहन वऱ्हाडांत पुन्हां झालें नाहीं.

कोठेंही नेलें तरी घरीं आल्यावर मुलाशीं बोलावें. त्या अमेरिकन बाईंच्या प्रयोगांत असें दिसलें कीं ज्या आया आपलेंच न सांगतां मुलाला बोलूं देत, त्यांच्या मुलांच्या आठवणी पुढें अधिक भरीव निघाल्या. मूल 'माऊ' म्हणालें तर 'अग, तो मोठा पाळणा नाहीं का पाहिलास?' असें म्हणून त्याचें तोंड मिटवूं नये. माऊ कोणत्या रंगाची होती, कोठें बसली होती, मग कोठें गेली, हें विचारावें.

आणि शेवटीं बहिरमची यात्रा. चांदूर बाजार तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धांत भरते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. हंडींतील मटन आणि रोडगे यांसाठीं ती प्रसिद्ध आहे, पण तो भाग मोठ्यांचा. लहानग्याला रविवारीं नेऊं नये, गर्दी फार असते. आडवारीं सकाळीं न्यावें. त्याच्या खिशांत गांवाचें नांव आणि बापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी. दर्शन झाल्यावर मातीच्या हंड्या जेथें मांडलेल्या असतात तेथें त्याला बसूं द्यावें. एखादी टिचकी मारून आवाज ऐकूं द्यावा. एक शिट्टी किंवा एक भिरभिरें, तें निवडील तें घ्यावें; दुसरें घेऊं नये. आकाशपाळणा खालून दाखवावा, पुरे. दोन-अडीच तासांत त्याचे डोळे मिटूं लागतात. उन्हें कललीं कीं डोंगराकडून गार वारा सुटतो, तेव्हां कानटोपी बरोबर असावी, आणि परतवाड्याकडे जाणारी गाडी दिवेलागणीपूर्वीं धरावी.