कागदावर न आलेला गुन्हा

'खुनाचा गुन्हा दाखल' अशी बातमी वाचली की आपल्याला वाटतं, निम्मा न्याय झाला. तसं नसतं. कलम लावणं म्हणजे सरकार पक्षाने अंगावर घेतलेली जबाबदारी. त्या कलमाच्या व्याख्येतला प्रत्येक शब्द पुराव्याने भरून काढावा लागतो. एक जरी रिकामा राहिला तरी आरोपी त्या कलमातून सुटतो. आणि ज्या मोठ्या गुन्ह्याचा आरोपच ठेवला नाही, त्याची शिक्षा कोर्टाला देता येत नाही, मग सत्य साऱ्या गावाला ठाऊक असो.

माणूस मेला, एवढ्यानेच खून होत नाही. कायदा आधी मारणाऱ्याच्या मनाकडे बघतो. जीव घ्यायचाच हेतू होता का? सर्वसाधारणपणे जिने मरण येईलच अशी दुखापत मुद्दाम केली का? की यात कुणाचा जीव जाऊ शकतो, एवढी नुसती जाणीव होती? खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक या प्रश्नांवर ठरतो. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, तर नुसत्या जाणिवेने झालेल्या मनुष्यवधाला जास्तीत जास्त दहा वर्षं.

नानावटी खटला इथल्या बहुतेकांना माहीत आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने परपुरुषाशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी कावस नानावटींनी बायकोमुलांना धोबी तलावाच्या मेट्रो सिनेमाला सोडलं. मग जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं घेतली, त्या परपुरुषाचं, प्रेम आहुजाचं, ऑफिस गाठलं, तो तिथे नाही म्हणून त्याच्या घरी गेले आणि त्याला गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी ते मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीव्र आणि अचानक प्रक्षोभात हातून वध झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो, हा अपवाद नानावटींना लागू झाला नाही. दुपारी दीडला घर सोडलं आणि गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. मन ताळ्यावर यायला एवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालय म्हणालं. त्या खटल्याच्या प्रेमकथेत लोक अजून रमतात. कायद्याच्या दृष्टीने सगळं वजन या घड्याळावर आहे.

मारामारीचंही तसंच. लालबागच्या गल्लीत दोघं भिडले आणि एकाचा दात पडला, तर ती साधी दुखापत राहत नाही. हाड किंवा दात मोडणं 'जबर दुखापती'च्या यादीत आहे. 'पोरांची भांडणं' म्हणून पोलीस चौकीत समजुतीने मिटवायला निघालेल्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मला ज्यासाठी बोलायचं आहे तिथे येतो. आपल्या परळचं केईएम रुग्णालय. २७ नोव्हेंबर १९७३ची संध्याकाळ. तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग, वय वर्षं पंचवीस, ड्युटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेल्या. रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली आणि लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या रक्ताने माखलेल्या जमिनीवर सापडल्या. मेंदूला रक्तपुरवठा थांबून कायमची इजा झाली होती.

खटला मात्र चालला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. अरुणाताईंचं त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांशी लग्न ठरलं होतं. बदनामी नको म्हणून रुग्णालयाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट पोलिसांपुढे येऊ दिली नाही, असं सांगितलं जातं. हेतू कदाचित मायेचाही असेल. परिणाम असा झाला की त्या रात्रीचा सर्वांत मोठा गुन्हा कोर्टासमोर आलाच नाही. बलात्काराची तेव्हाची व्याख्या इतकी अरुंद होती की हा अत्याचार तिच्यात बसलाही नसता. पण अनैसर्गिक संभोगाचं कलम ३७७ हाताशी होतं आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ते लावलं गेलं नाही. आरोपीला सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा झाल्या, त्याही एकत्र भोगायच्या. खुनाच्या प्रयत्नात दुखापत झाली असेल तर कलम ३०७खाली जन्मठेपही देता येत होती, हे इथे सांगायलाच हवं. तो १९८०मध्ये सुटला. अरुणाताई केईएममध्येच पडून राहिल्या, १८ मे २०१५ला न्यूमोनियाने जाईपर्यंत. परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पालिका त्यांना दुसरीकडे हलवू पाहत होती तेव्हा या बायाच आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रकरणातला २०११चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दयामरणासाठी गाजला. माझ्या लेखी त्या निकालाइतकाच मोठा प्रश्न १९७३च्या त्या अपुऱ्या कागदांचा आहे.

२०१३च्या कायदेदुरुस्तीने बलात्काराची व्याख्या रुंदावली. आज तो अत्याचार सरळ बलात्कार ठरेल. कलम ३७६-अ आलं: बलात्कार करताना केलेल्या दुखापतीने पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची अचेतन अवस्थेत गेली, तर किमान वीस वर्षं, आणि पुढे मरेपर्यंत कैद किंवा फाशी. हे कलम वाचताना केईएमच्या त्या खाटेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शिवाय बलात्काराच्या पीडितेवर ताबडतोब मोफत उपचार करून पोलिसांना कळवणं प्रत्येक रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, बंधनकारक झालं. ते न करणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखावरच गुन्हा दाखल होऊ शकतो.

१ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या ३०२चं १०३ झालं, ३०७चं १०९, ३७६-अचं ६६. त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनंच कलम लागतं. नव्या संहितेत ३७७सारखं कलमच नाही, त्यामुळे पुरुषावर असा अत्याचार झाला तर लावायला नेमकं कलम नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, आणि ती लवकर भरून निघायला हवी.

अरुणाताई गेल्या तेव्हा लोक विचारत होते, आता खुनाचा खटला नाही का भरता येणार? एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हे तत्त्व आपण ऐकून असतो. पण तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३००मध्ये त्याला वाट ठेवलेली होती: शिक्षेच्या वेळी जो परिणाम घडलेला नव्हता तो पुढे घडला, तर त्यातून होणाऱ्या वेगळ्या गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालू शकतो. जबर दुखापतीची शिक्षा झाल्यावर जखमी दगावला, हे उदाहरण कायद्यानेच दिलं आहे. अडचण असते ती दुवा जोडण्याची. ४१ वर्षांनंतरचा न्यूमोनिया आणि ती साखळी यांचा संबंध निःसंशय सिद्ध करायचा, तर साक्षीदार कुठून आणायचे? तो खटला कधी उभा राहिला नाही.

म्हणून सारं काही पहिल्या कागदावर येतं. आपल्या घरातलं, चाळीतलं कुणी अशा प्रसंगातून गेलं, तर फिर्यादीत घडलेलं सगळं सांगा. लग्न, अब्रू, शेजारी या भीतीने काही गाळू नका. पीडितेचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे, हे तिला आधीच सांगा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ती घेऊन कलमं वाचा आणि एखादं राहिलं असं वाटलं तर वकिलामार्फत बोला. निकाल लागेपर्यंत कधीही आरोपात बदल करण्याचा, नवा आरोप वाढवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. तो अरुणाताईंच्या खटल्याच्या वेळीही होता.