डक्टच्या भिंतीवरची बुरशी: गळती की वाफ?

आजचा विषय जरा कळकट आहे. बाथरूमची डक्टकडची भिंत, तिच्यावरचे काळे ठिपके आणि तो कोंदट वास. परदेशी व्हिडिओंमध्ये डक्ट म्हणजे घरभर हवा नेणारा पत्र्याचा पाइप. आपल्याकडे डक्ट म्हणजे फ्लॅटच्या मधली अंधारी उभी पोकळी. तिच्यात पाइप असतात, कबुतरं असतात आणि सगळ्यांचे एक्झॉस्ट फॅन तिच्यातच हवा सोडतात. मी त्या डक्टबद्दल बोलतोय.

कुणी म्हणेल, नगरमध्ये कसली ओल? आपण पर्जन्यछायेत. शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तो अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या पावसाच्या पासंगालाही पुरत नाही. पण बुरशीला पाऊस लागतच नाही, ओला पृष्ठभाग पुरतो. डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, डक्टकडची भिंत गार पडते आणि सकाळी घरातले चौघं ओळीने कडक पाण्याने अंघोळ करतात. बाथरूममधली हवा २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू येतो साधारण २३ अंश. म्हणजे त्याहून गार असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी धरणार. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर होतं, तेच.

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत यावर ठरलेला उपाय होता: आधी प्लंबर, मग वॉटरप्रूफिंग, मग रंग. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बग कुठे आहे हे न बघता कोड बदलत राहण्यासारखं. म्हणून मी एक साधी टेस्ट सुचवली. भिंत पुसून कोरडी करायची, प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस सोडायचा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर वाफ, प्लास्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतून येतेय. तीन घरांत करून पाहिली. दोन घरांत वाफ निघाली. तिसऱ्या घरात ओल मागून होती, तिथे वरच्या मजल्याचा पाइप खरंच गळत होता. तेव्हा प्लंबरला उगाच शिव्या देऊ नका.

वाफेचं काय करायचं? फॅन अंघोळीनंतरही १५-२० मिनिटं चालू ठेवा. आणि दाराखाली बोटभर फट हवी. बाहेरून हवा आत आलीच नाही, तर फॅन ढकलणार काय? फॅनच्या तोंडाशी टिश्यू पेपर धरा, तो ओढला जायला हवा.

आमच्याकडे हे सगळं करूनही भिंत ओलीच. मग गच्चीवर गेलो. पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून कुणीतरी डक्टचं तोंड फायबरच्या पत्र्याने सपाट बंद करून टाकलेलं! सगळ्या घरांची वाफ एका बंद डब्यात, आणि फॅन बंद झाला की तीच हवा परत घरात.

मिटिंगमध्ये तासभर वाद. "पत्रा काढला की पाऊस आत येणार" हे काकांचं एकच पालुपद. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा गॅस गीझर डक्टच्या खिडकीलाच लावलाय. त्याचा धूरही याच बंद डब्यात जातोय. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणूस मारतो. त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

पत्रा काढला नाही, फक्त अँगलवर फूटभर उचलला, थोडा उतार दिला आणि बाजूंना जाळी मारली. जुन्या माळवदाच्या घरांना सवणं असायचं; पाऊस आला की झाकायचं, थांबला की उघडायचं. कायमचं कुणी बुजवत नसे. तो गीझरही मोकळ्या बाल्कनीत हलवला. फॅनना उलटी हवा अडवणारी झडप बसवली, ती स्वस्तात मिळते.

यंदाच्या थंडीत वरच्या दोन मजल्यांच्या भिंती कोरड्या आहेत. तळमजल्यावर अजून ठिपके येतात. डक्ट खोल आहे, खालची हवा तितकी हलत नाही. तिथे अंघोळीनंतर भिंत वायपरने ओढून घेतात, बरा फरक पडतो.

असलेली बुरशी काढताना मास्क लावा, साबणाचं पाणी आणि ओलं फडकं वापरा. कोरड्या ब्रशने घासू नका, कण उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो. बुरशीवर नुसता रंग मारला तर ती रंगाखालून पुन्हा वर येते. आणि ब्लीच व टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र ओतू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

प्लास्टिकची टेस्ट करून पाहिलीत तर थेंब कुठल्या बाजूला आले ते व्हॉइस नोट पाठवून सांगा.