परक्या देशातील मतपेटी व आपले सरकार



दुसऱ्या देशातील निवडणुकीत लबाडी झाली असा बोभाटा उठला आणि तेथील रयत रस्त्यावर आली, तर इतर सरकारांनी त्यावर बोलावे की गप्प बसावे, हा आजचा प्रश्न आहे. नांगर धरणाऱ्यास व माग चालविणाऱ्यास याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण सरकार बोलते ते आपल्या नावाने, आणि गप्प बसते तेही आपल्याच नावाने. म्हणून याचा विचार आपण केलाच पाहिजे.

"दुसऱ्याच्या घरात डोकावू नये," असे मुत्सद्दी सांगतात. ऐकावयास बरे वाटते. पण सरकारे खरोखर गप्प बसतात काय? इराणात १२ जून २००९ रोजी अध्यक्षाची निवडणूक झाली. दुसऱ्याच दिवशी अहमदीनेजाद शेकडा ६२ हून अधिक मतांनी निवडून आल्याचे जाहीर झाले. १५ जूनला तेहरानात लोकांचा महापूर लोटला. "माझे मत कोठे गेले?" हाच एक सवाल. पुढे खुद्द तेथील पालक मंडळाने कबूल केले की, ५० शहरांत मतदारांपेक्षा मतेच जास्त पडली. मात्र त्याने निकाल बदलत नाही, असेही सांगितले. हा कबुलीजबाब येण्यापूर्वीच, १६ जूनला, अहमदीनेजाद रशियातील एका परिषदेस गेले असता त्या सरकारने त्यांचे निवडून आलेले अध्यक्ष म्हणून स्वागत केले. हे बोलणे नव्हे तर काय? तंटा मिटण्यापूर्वी एकाच्या गळ्यात हार घालणे म्हणजे निवाडा देणेच होय. ज्यांना फक्त हार घालताना तोंड फुटते, त्यांच्या मौनास तटस्थपणा कोण म्हणेल?

याच वेळी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा जपून बोलले. आपला पुढारी कोण हे इराणी लोकच ठरवतील, असे ते म्हणाले. त्यांच्या देशात पुष्कळांनी त्यांस भित्रे ठरविले. पण त्यास कारण होते. मोसाद्देक यांनी १९५१ साली इराणचे तेल राष्ट्राच्या मालकीचे केले, आणि १९५३ साली अमेरिका व इंग्लंड यांच्या गुप्त खात्यांनी हात घालून त्यांचे सरकार पाडले. ज्याने एकदा कुंपण मोडून पीक नेले, तो राखणदारीचा उपदेश करू लागला तर शेताचा धनी काय म्हणेल? "ही चळवळ परक्यांची आहे," असे म्हणावयास तेहरानच्या सत्ताधाऱ्यांस निमित्तच हवे होते. परंतु रस्त्यावर रक्त सांडले तेव्हा, २३ जूनला, ओबामांनी त्या मारहाणीचा कडक निषेध केला. कोण जिंकला हे परक्याने ठरवू नये. पण निःशस्त्र माणसांवर गोळी घालणे वाईट, हे सांगावयास कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरा धोका याहून मोठा. १९५६ साली हंगेरीचे कामगार व विद्यार्थी रशियाच्या जुलमाविरुद्ध उठले. अमेरिकेच्या पैशावर म्युनिकहून चालणारा रेडिओ त्यांस चेतवीत होता. पश्चिमेची मदत येईल अशी आशा पुष्कळांस लागली. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टात शिरले. मदत आली नाही. सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाख देशोधडीस लागले. बोलणारे सुखरूप राहिले. बोलाची किंमत ऐकणाऱ्यांनी चुकविली.

आणि आपले सरकार? त्याच सुमारास इंग्लंड व फ्रान्स यांनी सुएझवर चाल केली, तिचा दिल्लीने तत्काळ धिक्कार केला. तो योग्यच होता. पण संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत निवडणुका घ्याव्या असा ठराव आला तेव्हा भारताने विरुद्ध मत दिले. एकाच महिन्यात दोन मापे! घेताना एक पायली व देताना दुसरी, असा सावकार आम्ही ओळखतो. मग सरकारात तेच दिसले तर त्यास मुत्सद्देगिरी का म्हणावे?

खरी परीक्षा मित्राच्या बाबतीत होते. फिलिपाइन्सचे मार्कोस अमेरिकेचे जुने स्नेही. त्या देशात अमेरिकेचे मोठे लष्करी तळ होते. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मार्कोस व कोराझोन अक्विनो यांची निवडणूक झाली. दोनच दिवसांनी सरकारी मोजणीतील संगणकांवर बसणारे कर्मचारी, आकडे फिरविले जात आहेत म्हणून, काम टाकून उठले. पोटावर पाय येईल, जीवही जाईल, हे ठाऊक असून ते उठले. इकडे ११ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष रेगन म्हणाले, लबाडी दोन्ही बाजूंनी झाली असेल! चोर व धनी एका मापाने मोजले. ओरड झाल्यावर १५ तारखेस त्यांच्या कचेरीस कबूल करावे लागले की, लबाडी मुख्यतः सत्ताधारी पक्षाची होती. पुढे लष्कराचा एक भाग फुटला, लाखो लोक मनिलाच्या हमरस्त्यावर रणगाड्यांपुढे उभे राहिले, आणि २५ तारखेस मार्कोस अमेरिकेच्याच विमानातून पळाले. मार्कोसला लोकांनी घालविले; पण मित्राच्या सरकारने पाठीवरचा हात काढला, त्याचाही उपयोग झाला.

तेव्हा आमचे म्हणणे असे. सरकारने बोलावे, पण कोणाचा उमेदवार उचलू नये. मतांचे आकडे ठाण्याठाण्यावर उघड करा, माणसे मारू नका, पकडलेल्यांस न्यायासमोर आणा, इतके मागावे. तंटा मिटेपर्यंत कोणास हार घालू नये. जी मदत द्यावयाची नाही तिचा भरवसा देऊ नये. आणि मित्र असो वा शत्रू, माप एकच ठेवावे.

शेवटी, ज्याच्या स्वतःच्या घरची मतपेटी स्वच्छ, त्याच्याच बोलास वजन. ती स्वच्छ ठेवणे तुमच्या-आमच्या हाती आहे. उद्या दाराशी मत मागावयास येईल त्यास हे सवाल विचारा, आणि तुमचे स्वतःचे मत शेवटच्या मोजणीपर्यंत राखा.