गच्चीवरचं सोलर आणि कपाटातली पॉलिसी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेलं भाषण)

मी राज्य सरकारच्या नोकरीतला, इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. सोसायटीत कुणाचा फ्यूज उडाला तरी हाक मलाच येते. सोलर बसवण्यावर बोला, असं मंडळानं सांगितलं होतं. पण तीन किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते म्हटल्यावर निम्म्या लोकांनी ते बसवलंय. म्हणून विम्यावर बोलतो, आणि माझ्या चुकीवर.

ऑगस्ट २०२४ आठवा. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीनं २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. गच्चीवरचे पॅनल मात्र धुऊन लख्ख! म्हटलं, सोलर तरी वाचलं. पाणी ओसरल्यावर जिन्याखालचा इन्व्हर्टर उघडला, तर आत गाळ. मीटर खाली, म्हणून केबल वाचवायला ठेकेदारानं इन्व्हर्टरही खालीच लावला होता. आणि डिप्लोमावाल्यानं तो लावू दिला होता.

विमा आहे ना, म्हणून कपाटातून फाइल काढली. गृहकर्जाच्या वेळची पॉलिसी, मुदत संपून दीड वर्ष झालेलं. हप्ता कर्जाबरोबर आपोआप जातो, अशी माझी समजूत! चालू असती तरी त्यात सोलर नव्हतंच, ते नंतर आलं. नवा इन्व्हर्टर खिशातून घेतला. दहा दिवसांवर गणपती. सौ. काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे साधारण सारख्याच अटींवर मिळते. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप यांचं नुकसान त्यात येतं. कंपाउंड भिंत, पाण्याची टाकी यांच्या जोडीला सोलर पॅनलही त्यात मोडतात. पण विम्याची रक्कम ठरवताना त्यांची किंमत धरलेली हवी. इन्व्हर्टर धरलाय का, तेही लेखी विचारून घ्या. आधीची पॉलिसी असेल तर सोलर बसवल्याचं कळवून रक्कम वाढवून घ्या. एरवीची चोरी यात येत नाही, पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली येते. शॉर्ट सर्किटनं इन्व्हर्टर स्वतःच जळाला तर तेही नाही. पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी आहे की, असं पुष्कळ जण म्हणतात. ती वीज किती तयार होईल याची, पुराची नव्हे.

दुकान-गिरणीवाल्यांना ही पॉलिसी चालत नाही. मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पाहा. तिथे हप्ता वाचवायला किंमत फारच कमी दाखवलीत, तर भरपाईही त्या प्रमाणात कापतात.

बिल, पॅनल आणि इन्व्हर्टरचे नंबर, फोटो हे सगळं मोबाइलवर ठेवा. आमच्या शेजाऱ्यांची कागदपत्रं तळमजल्यावरच भिजली. नुकसान झालं तर लगेच कंपनीला कळवा, आणि सर्व्हेयर पाहून जाईपर्यंत जुना माल भंगारात देऊ नका.

एक गोष्ट विम्याबाहेरची, पण ती सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. मेन स्विच बंद केला तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या तारांत डीसी वीज असतेच. भिजलेल्या इन्व्हर्टरला हात लावू नका, माणूस बोलवा. मी मघाशी उघडला म्हणालो, तो गच्चीवरचा डीसी स्विच पाडून, हातमोजे घालून.

आमचा नवा इन्व्हर्टर आता पहिल्या मजल्यावर आहे. पॉलिसीची तारीख सौ.नी कालनिर्णयवर लाल पेनानं लिहून ठेवलीय.