तुटलेलें अंग पुन्हां येतें



भिंतीवरील पालीला केरसुणीचा धक्का लागला कीं ती शेपूट टाकून पळते. आपण त्या वळवळणाऱ्या शेपटाकडे पाहात राहतों, आणि तेवढ्यांत पाल फटीआड होते. पुढें तिला नवें शेपूट फुटतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. तें पहिल्यासारखें नसतें, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या शेपटांत मणके होते. नव्यांत केवळ कूर्चेची सलग नळी असते. मूळचाच अवयव हुबेहूब परत मिळविणारे प्राणी निराळे, आणि आजचें भाषण त्यांच्याविषयीं आहे.

या अभ्यासाला खरी चालना एका शिक्षकानें दिली, याचा माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराला थोडा अभिमान वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. जिनीव्हाचा अब्राहम ट्रेंबले हा हॉलंडांत हेग शहराजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवीत असे. १७४० सालीं त्याला डबक्यांतील पाणवनस्पतींना चिकटलेला एक चिमुकला हिरवा जीव आढळला. ही वनस्पति कीं प्राणी? फांदी तोडून लावली तर जगते, प्राणी तोडला तर मरतो. तेव्हां कापून पाहावें, असें त्यानें ठरविलें. त्यानें तो जीव मधोमध कापला. दोन्ही तुकडे जगले आणि थोड्याच दिवसांत प्रत्येकाचा पूर्ण जीव झाला!

कसोटीप्रमाणें ती वनस्पतिच ठरावयास हवी होती. परंतु हा जीव तर जागा बदलीत होता आणि तोंडाभोंवतींच्या दोऱ्यांनीं पाणकिडे पकडून गिळीत होता. म्हणजे कसोटीच अपुरी होती. ट्रेंबलेनें निर्णयाची घाई केली नाहीं. त्यानें पॅरिसच्या रेओम्यूरकडे जिवंत नमुने धाडले. त्या विद्वानानें स्वतः कापून पाहिले, तेव्हां कोठें त्याची खात्री पटली. पुढें ट्रेंबलेनें एकाच जिवाचें डोकें चिरीत चिरीत त्याला सात तोंडें आणलीं. ग्रीक पुराणांतील अनेकमुखी राक्षसावरून त्याला हायड्रा हें नांव मिळालें, तें साजेसेंच आहे.

हायड्राला हाडें नाहींत. सॅलॅमँडरला आहेत, तरीही त्याचे पाय, शेपूट व जबडा पुन्हां येतात, हें इटलीच्या स्पालांझानीनें १७६८ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्याच जातकुळीतला मेक्सिकोमधील अॅक्सोलॉटल आज प्रयोगशाळांचा लाडका आहे. पाय तुटला कीं प्रथम त्वचा जखम झांकते. तिच्याखालीं पेशी जमून एक कोंब तयार होतो. त्या भागाचे मज्जातंतु आरंभींच तोडले, तर कोंब वाढत नाहीं. कोंबांतील कोणतीही पेशी वाटेल तें रूप घेते, असा पूर्वी समज होता. २००९ सालीं जर्मनींत एली तानाका यांच्या गटानें चमकणाऱ्या पेशींचें कलम करून पाहिलें, तेव्हां स्नायूच्या पेशींनीं स्नायूच निर्माण केले.

मनगटाशीं तोडलें तर पंजाच येतो, खांद्याशीं तोडलें तर सबंध हात येतो. हें कोंबाला कोण सांगतें? १९८२ सालीं मेडन यांनीं मनगटाशीं तोडलेल्या अॅक्सोलॉटलांवर अ जीवनसत्त्वाचा प्रयोग केला, तों मनगटापुढें पुन्हां अख्खा हात उगवला! आपण कोठें आहोंत, याची पेशींना असलेली जाणीवच पुसली गेली असावी. मला तर हा प्रयोग या विषयांतील सर्वांत विलक्षण वाटतो.

आणि मनुष्य? यकृताचा मोठा भाग कापला तरी तें भरून येतें. लहान मुलाच्या बोटाचें टोक तुटलें आणि नखाचें मूळ शाबूत राहिलें, तर तेंही पुष्कळदां पूर्ववत् होतें. त्यापलीकडे आपलें शरीर वण उठवून जखम मिटवितें आणि थांबतें. यंत्रांत हात गमावलेल्या कामगाराला कोंब आणून देण्याची विद्या अद्यापि कोणापाशीं नाहीं. तसें वचन देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये. संशोधक मात्र नेमक्या याच प्रश्नाशीं झगडत आहेत: जो कोंब अॅक्सोलॉटलमध्यें उठतो, त्याच्या जागीं आपल्यांत वण कां येतो?